स्पीकर फोनचा की घराचा? वायरलेस स्पीकर जोडण्याआधी आणि जोडताना

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. विक्री दिरांकडे, आणि विकलेली वस्तू घरी जाऊन चालू करून देणं माझ्याकडे. स्पीकर परत घेऊन येणारं गिऱ्हाईक पायरीवरूनच सांगतं, "ताई, हे लागंना झालंय की वो." मी पिशवीतून स्पीकर काढते, बटण दाबून माझा फोन जोडते आणि तो ठणठणीत वाजतो. बिघडलेला कधी नसतोच असं नाही, पण बहुतेक वेळा तो घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनला चिकटलेला असतो आणि तो फोन वरच्या मजल्यावर चार्जिंगला असतो.

म्हणून "चांगला स्पीकर दाखवा" म्हणालं कुणी, की वॅट आणि किमतीच्या आधी मी विचारते, वाजवणार कोण? ब्लूटूथचा स्पीकर फोनचा असतो. ज्याच्या हातात फोन त्याचं गाणं, आणि तो माणूस भाजी आणायला निघाला की गाणंही त्याच्याबरोबर गेलं. वायफायचा स्पीकर घराचा असतो. तो राउटरला जोडलेला असतो, गाणं इंटरनेटवरून स्वतः ओढतो, फोन फक्त रिमोटचं काम करतो. फोन बंद पडला तरी तो वाजत राहतो. एकट्याला ऐकायचं, गच्चीवर न्यायचं, गाडीत टाकायचं तर ब्लूटूथ घ्या. सकाळी स्वयंपाकघरात ज्याला जे हवं ते लावता यावं असं वाटत असेल तर वायफाय. दोन्ही सोयी असलेले स्पीकर मिळतात. घरात इंटरनेटची लाइन असेल आणि परवडत असेल तर मी तेच सुचवते.

खरेदीचं दोन ओळीत सांगते. खोक्यावर मोठ्या अक्षरात पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) म्हणून छापलेला हजारांतला आकडा वाचूच नका, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) किती ते विचारा. दहा बाय बाराच्या खोलीला १० ते २० वॅट आरएमएस भरपूर होतात. आणि मागच्या लेबलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कुठल्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसतं. नाव भलतंच निघालं तर वस्तू ठेवून या.

ब्लूटूथ जोडताना

आधी स्पीकर पूर्ण चार्ज करा. अर्धवट चार्जवर जोडायला बसलात तर मधेच बंद पडतो आणि दोष भलत्यालाच लागतो. मग पॉवर चालू करून ब्लूटूथचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. दिवा स्थिर असेल किंवा संथ लुकलुकत असेल तर तो जोडणीला तयार नाही. तो कुणाला तरी जोडलेला आहे किंवा जुन्या फोनला शोधतोय. नव्या माणसाचं इथंच अडतं, दिव्याकडे कुणी बघतच नाही.

आता फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडा. जुळे सोलापूरच्या अपार्टमेंटमध्ये ही यादी उघडली की शेजाऱ्यांचे टीव्ही, वरच्या मजल्यावरचं घड्याळ, खालच्यांची गाडी, सगळं दिसतं. स्पीकरच्या बुडाशी किंवा खोक्यावर मॉडेलचं नाव असतं, तेच नाव दाबायचं. शेजाऱ्याच्या टीव्हीवर आपलं कीर्तन सुरू झाल्याचे प्रकार झालेत.

एकदा जोडला की स्पीकर तो फोन लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी चालू झाल्याबरोबर शेवटच्या फोनकडे धावतो. घरात चार फोन असतील तर भांडणाचं मूळ हेच. आजोबांना हरिपाठ लावायचाय आणि स्पीकर नातवाच्या फोनला जाऊन बसलाय. यावर मी असं करते: स्पीकर प्रामुख्याने ज्यांचा, त्यांचाच फोन जोडलेला ठेवायचा. बाकीच्यांच्या फोनमध्ये स्पीकरच्या नावापुढचं चाकाचं चिन्ह दाबून 'फरगेट' करायचं. त्यांना हवा तेव्हा बटण दाबून पुन्हा जोडतील, अर्ध्या मिनिटाचं काम. काही स्पीकर एका वेळी दोन फोन धरतात, त्याला मल्टिपॉइंट म्हणतात. कागदावर सोय छान वाटते. पण दुसऱ्या फोनवर रील सुरू झाली की इकडचं भजन थांबतं. घरात पोरं असतील तर मी मल्टिपॉइंट बंदच करून येते.

त्याच चाकाच्या चिन्हाआड आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे. 'कॉल' आणि 'मीडिया' अशी दोन बटणं दिसतील, त्यातलं कॉलचं बंद करून टाका. नाहीतर व्याह्यांचा फोन आला की सगळं बोलणं हॉलभर ऐकू येतं.

सगळं करूनही यादीत नाव येईना, तर स्पीकर रिसेट करायचा. कुठली बटणं किती सेकंद धरायची ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, खोक्यातल्या चिटोऱ्यावर लिहिलेलं असतं. ते चिटोरं फेकू नका. मी त्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाच्याच व्हॉट्सॲपवर टाकून ठेवते.

आवाज तुटतो तेव्हा

"ताई, आवाज तुटायलाय बघा." ब्लूटूथचा नेहमीचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर. घरात तो किती उरतो ते मधल्या वस्तूंवर अवलंबून. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथल्या ७९ चॅनेलमध्ये सेकंदाला १६०० उड्या मारत ते मोकळी जागा शोधत राहतं, म्हणून गर्दीतही निभावतं. पण दोन गोष्टींपुढे त्याचं चालत नाही, लोखंड आणि पाणी. लोखंडी कपाट लहरी परत फेकतं, पाणी त्या शोषून घेतं. माणसाच्या अंगातही पाणीच. मागच्या खिशात फोन घालून स्पीकरकडे तोंड करून उभे राहिलात तर तेवढ्यानेही फरक पडतो.

आता आपल्याकडची गोष्ट. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी पिंपं आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतात. पेठेतल्या एका घरी स्पीकर ओट्याच्या कोपऱ्यात होता, फोन पलीकडच्या खोलीत. मधे भिंत, आणि भिंतीला लागून निळ्या पिंपांची रांग. त्यांचं म्हणणं, "एक दिवस चांगला वाजतो, एक दिवस बिघडतो." मी विचारलं, पाणी कधी आलं? पिंपं भरलेली असली की आवाज तुटायचा, रिकामी होत आली की सुधारायचा. स्पीकर दरवाजाच्या रेषेत आणला, तक्रार मिटली. जुन्या वाड्यांत दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती असतात, तिथं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ब्लूटूथ पाठवायच्या नादालाच लागू नये. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनशेजारी स्पीकर ठेवू नका, तोही २.४ च्याच आसपास काम करतो. डाळ गरम होईपर्यंत गाणं अडखळतं.

वायफायचा स्पीकर बसवताना

इथं पहिला प्रश्न ॲपचा नाही, खात्याचा आहे. मुलगा पुण्याला नोकरीला, दिवाळीत येतो, आईवडिलांसाठी स्पीकर आणतो, स्वतःच्या खात्यावर जोडतो आणि सोमवारच्या इंटरसिटीने परत जातो. महिनाभराने इथं राउटर बदलतो, पासवर्ड बदलतो, स्पीकर मुका होतो, आणि पुन्हा जोडायला मुलगा पुढच्या सणापर्यंत येत नाही. म्हणून स्पीकर घरात राहणाऱ्या माणसाच्या खात्यावर, त्याच्याच फोनवरून जोडा. मुलाला ॲपमधून सदस्य म्हणून घ्या, म्हणजे त्यालाही चालवता येईल.

जोडायला बसताना फोन घरच्या वायफायवर हवा. ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू, मोबाइल डेटा तात्पुरता बंद, आणि व्हीपीएन (इंटरनेटचा रस्ता वळवणारं ॲप) असेल तर तेही बंद. लोकेशन कशाला, असं प्रत्येक काका विचारतात. अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनमध्ये आसपासची उपकरणं शोधण्याची परवानगी लोकेशनशी बांधलेली होती, आणि बरीच ॲप अजूनही ते मागतात. जोडून झालं की बंद करा. आता ॲप उघडा, गूगल होम, अलेक्सा, किंवा कंपनीचं जे असेल ते. काही स्पीकर जोडणीपुरतं स्वतःचं छोटं वायफाय उभं करतात आणि फोन त्यावर जातो. तेव्हा फोन विचारतो, "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, जोडलेलं ठेवायचं का?" इथं हो म्हणायचं. घाबरून नाही दाबलं की सगळं पहिल्यापासून.

बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्क देतात. स्वस्तातले स्पीकर फक्त २.४ ओळखतात, आणि फोन मात्र ५ वर असतो. ॲप फिरत राहतं, स्पीकर सापडत नाही. दोन्हींची नावं वेगळी असतील तर फोन २.४ वर आणा. एकच नाव असेल तर राउटरच्या पानावर जाऊन ५ तात्पुरतं बंद करा. तेही जमत नसेल तर फोन आणि स्पीकर घेऊन राउटरपासून लांब, दोन भिंतींआड जा. ५ ची ताकद तिथं कमी पडते आणि फोन बहुधा आपोआप २.४ धरतो. ही युक्ती कुठल्या चिटोऱ्यावर नसते, पण चालते.

पासवर्डमधलं लहान-मोठं अक्षर तपासा. पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क स्पीकरला देऊ नका. त्यावरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत, मग स्पीकर इंटरनेटवर असूनही फोनच्या ॲपला सापडत नाही. आणि राउटर बदलायची वेळ आली तर नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, हुबेहूब. स्पीकर, टीव्ही, कॅमेरा, सगळे आपसूक परत जोडले जातात. लाइन बसवायला येणारा पोरगा हे स्वतःहून करणार नाही, त्याला उभा करून करून घ्या.

लाइट जाऊन आली की स्पीकर आधी जागा होतो, राउटरला दोनेक मिनिटं लागतात. तेवढ्यात स्पीकर "इंटरनेट नाही" म्हणतो. थांबा. तरीही नाही आला तर स्पीकरचा प्लग काढून पुन्हा लावा, रिसेट करू नका. रिसेट म्हणजे वरचं सगळं पुन्हा. लाइट गेली तरी राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस मिळतो, फक्त राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते बघून त्याच मापाचा घ्या.

बोलून चालवायचे स्पीकर घेताना भाषा विचारात घ्या. अलेक्साला हिंदी आणि इंग्रजी कळतं. शहराच्या पूर्व भागात माझी अर्धी गिऱ्हाइकं घरात तेलुगू बोलतात. तिथल्या अव्वांना, म्हणजे आज्यांना, लांबलचक हिंदी हुकूम कोण शिकवणार? ॲपमध्ये रुटीन नावाची सोय आहे. तिथं "भजन" एवढाच शब्द ठरवायचा आणि त्यावर कुठली यादी लागायची ते नेमून द्यायचं. "अलेक्सा, भजन" म्हटलं की झालं. ज्या घरात खाली किंवा शेजारी कापडाचे यंत्रमाग चालतात तिथं स्पीकर मागांच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर, माणसं बसतात तिथं जवळ ठेवा. खटखटीत मायक्रोफोनला तुमचा शब्द वेगळा काढता येत नाही. स्पीकरच्या डोक्यावर माइक बंद करायचं बटण असतं, तेही घरच्यांना दाखवून ठेवा. काही घरांत ते दिवसभर बंदच असतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

टीव्हीला जोडताना

टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडता येतो, पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळून पाठवला जातो, पलीकडे सोडवला जातो, यात साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जाऊ शकतो. फोनवरची व्हिडिओ ॲप चित्र तेवढं थांबवून जुळवून घेतात. टीव्ही प्रत्येक वेळी ते करत नाही. बातम्यांना चालेल, सिनेमाला डोकं दुखतं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'एव्ही सिंक' आहे का बघा, काही वेळा तिथून जुळतं.

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेतलाय तर वायर वापरा, वायरलेसचा हट्ट धरू नका. साउंडबारच्या जाहिरातीतलं 'वायरलेस' बहुतेक वेळा घुमारा देणाऱ्या वेगळ्या डब्याबद्दल, सबवूफरबद्दल असतं, आणि त्यालाही लाइटची वायर लागतेच. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात, त्यातल्या एकावर बारीक अक्षरात 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं, टीव्हीचा आवाज त्यातून बाहेर येतो. वायर त्यातच घालायची, साउंडबारच्याही तशाच भोकात. मग टीव्हीत एचडीएमआय सीईसी चालू करा. प्रत्येक कंपनीने त्याला स्वतःचं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक. यानंतर टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. वायर नीट आहे, आवाज मात्र नाही, तर टीव्हीचं ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर, म्हणजे न आवळलेल्या साध्या आवाजावर, टाकून बघा.

टीव्ही जुना असून एआरसी नसेल तर ऑप्टिकल वायर. तिच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण असतं, बोटाच्या नखाएवढंही नाही. ते न काढता दाबून बसवलं की वायर अर्धवट आत जाते, आवाज येत नाही आणि जोर लावला तर भोकाचं झाकण मोडतं. टोपण काढा, टोकाला लाल दिवा चमकताना दिसला की टीव्हीकडून काम चालू आहे. वायर वळवा, पण घडी घालू नका. आत तारेऐवजी प्रकाश जातो.

जागा आणि सोलापुरी चादर

फरशी, गुळगुळीत भिंती, वर स्लॅब, खिडकीला पडदा नाही. अशा हॉलमध्ये महागडा स्पीकरही डब्यात ठेवल्यासारखा वाजतो. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झिणझिण ऐकू आली तर स्पीकर बदलून उपयोग नाही, खोली बदला. त्यासाठी आपल्याकडे घरातच माल आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, जाड सुती विणीची वस्तू. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर ती पडद्याच्या दांडीला टांगा, ताणून नव्हे तर चुण्या पाडून, आणि भिंतीपासून तीन-चार इंच पुढे. भिंतीला अगदी चिकटून हवा फारशी हलत नाही, त्यामुळे तिथं कापडाला अडवायला काही उरत नाही; अंतर ठेवलं की तीच चादर कितीतरी जास्त आवाज गिळते. गिळते ते वरचे, किणकिणणारे सूर. ढोलाचा घुमारा चादरीने थांबत नाही. तो त्रास देत असेल तर स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, दोन भिंतींच्या सांध्यात घुमारा वाढतो.

स्पीकर माळ्यावर किंवा कपाटाच्या डोक्यावर नको. बसल्यावर कान जिथं येतो साधारण त्या उंचीला ठेवा, आणि फळीवर ठेवायचा तर फळीच्या पुढच्या काठाला.

एकसारखे दोन स्पीकर असतील तर ते डावा-उजवा म्हणून जोडता येतात, खोक्यावर 'टीडब्ल्यूएस' किंवा 'स्टिरिओ पेअर' लिहिलेलं असतं. आधी दोन्ही स्पीकर फोनमधून काढून टाका, मग दोघांना एकमेकांशी जोडा, आणि शेवटी फोन त्यातल्या एकाला. क्रम उलटा झाला की फक्त एकच वाजतो. मॉडेल हुबेहूब एकच लागतं. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर समोर बसा.

उन्हाळा, तूस आणि गच्ची

एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. दुपारी चार्जिंग नको, रात्री किंवा पहाटे करा. उन्हात लावलेल्या गाडीत स्पीकर विसरू नका. बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्ध्या चार्जवर ठेवून द्या.

खोक्यावर आयपीएक्स७ असेल तर तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली असते. त्यातलं 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणीच दिलेली नाही. माग असलेल्या घरात सुताची तूस सगळीकडे बसते, जाळीवर तर थरच. अशा घरांनी आयपी६७ घ्यावा, तिथला ६ धुळीसाठी आहे. तूस मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकली की आत जाते.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारे स्पीकर वर नेतात. उघड्यावर आवाज लांब जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र १० ते सकाळी ६. स्पीकर उशाशी घ्या, मग आवाज चढवावा लागत नाही.

जुना ॲम्प्लिफायर आहे?

असेल तर नवा स्पीकर घेऊ नका, हे मी दुकानदार असून सांगते, दीर ऐकत नसताना. लग्नात आलेला डेक, वडिलांचा ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यातले स्पीकर धडधाकट असतील तर त्याला ब्लूटूथ रिसीव्हर लावा, बोटाएवढी डबी असते. त्यातून ३.५ मिलिमीटरची पिन निघते. ॲम्प्लिफायरच्या मागे 'ऑक्स' किंवा 'टेप इन' लिहिलेल्या लाल-पांढऱ्या भोकांत जाईल अशी वायर घ्या. 'फोनो'मध्ये लावू नका, ते रेकॉर्ड प्लेअरचं आहे, आवाज फाटतो. फोनचा आवाज पाऊणपर्यंत ठेवून बाकीचा ॲम्प्लिफायरच्या खुंटीने वाढवा. लावल्यावर बारीक घुंऽऽ असा सूर येत राहिला तर रिसीव्हरचा चार्जर काढून तो पॉवर बँकेवर चालवून बघा. सूर गेला तर दोष चार्जरचा; दुसरा चार्जर लावा, नाहीतर आत बॅटरी असलेला रिसीव्हर आणा.